त्यांचं भंगार शून्य, आमचं लोखंड अडीच टन

चौदाचा पाना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गेली बावीस वर्षं मी भोसरी एमआयडीसीतल्या एका बोल्टच्या कारखान्यात आहे. नाव सांगत नाही, मालकही हे संस्थळ वाचतात.

काम साधं आहे. वायर रॉड, म्हणजे जाड पोलादी तार, येतो, तो ओढून मापात आणायचा, हेडिंग मशिनवर डोकं पाडायचं, आटे रोल करायचे, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पेटी बंद. निम्मा माल जर्मनीला जातो. गेल्या महिन्यात तिकडच्या पार्टीकडून एक एक्सेल शीट आलं. तेरा टॅब. तुमच्या एक टन बोल्टमागे किती कार्बन हवेत गेला ते भरा, आणि मान्यताप्राप्त तपासनिसाची सही घ्या. आकडा दिला नाही तर तिकडचा डिफॉल्ट आकडा लागणार, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला.

याचं नाव सीबॅम. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती मागत होते, सुरुवातीला आम्हीही डिफॉल्ट आकडे भरून वेळ मारून नेली. 1 जानेवारी 2026 पासून खरे पैसे. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. नटबोल्टही यादीत आहेत. पैसे भरणार तिकडचा आयातदार, पण तो ते कुठून वसूल करणार हे सांगायला नको.

आता मुद्दा. आमच्या कारखान्यात फार कार्बन नाहीच. भट्टी आहे, गॅस आहे, पण सगळा भार येतो वायर रॉडमधून. आमचा रॉड ब्लास्ट फर्नेसचा, म्हणजे खनिज आणि कोक. आपल्याकडे टन पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन धरतात. आणि त्या शीटमध्ये भंगाराचा एक रकाना आहे. भंगार वितळवून पोलाद केलंत तर त्या भंगाराचा कार्बन किती? शून्य.

रात्री दहा वाजता मी त्या शून्याकडे बघत बसलो होतो. भंगार आभाळातून पडतं का? कधीतरी कोणीतरी कोळसा जाळून ते लोखंड केलंच ना? रूरच्या खोऱ्यात, पिट्सबर्गला, शेफील्डला दीडशे वर्षं भट्ट्या पेटल्या. त्याचे पूल झाले, गाड्या झाल्या, त्या मोडीत निघाल्या, आणि आता तो माल "स्वच्छ". अमेरिकेत जवळपास 70 टक्के पोलाद विजेच्या भट्टीत होतं, कारण त्यांच्याकडे मोडायला मुबलक आहे. आपल्याकडे माणशी पोलादाचा वापर वर्षाला शंभरेक किलो, जगाची सरासरी दोनशेच्या वर. आपण अजून बांधतोय, मोडणार काय?

म्हणजे आजोबांनी उधारीवर वाडा बांधला, उधारी बुडवली, आणि नातू म्हणतो मी भाड्याने राहत नाही, माझा खर्च शून्य.

कायद्यातलं मला कळत नाही. पण श्रीमंत देशांनी जास्त भार उचलायचा असं कुठेतरी लिहिलंय म्हणतात. कुठे लिहिलंय, आणि लिहिलं असेल तर हे शीट मला का आलं?

गवती चहा

वाडा-आजोबा-नातू _/\_ वाचनखूण साठवली.

कलम तीनशेतीन

पानासाहेब, लिहिलंय. 1992 च्या हवामान बदल कराराच्या कलम 3 च्या पहिल्याच पोटकलमात: सगळ्यांची जबाबदारी सामायिक, पण वेगवेगळी, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. विकसित देशांनी पुढाकार घ्यावा. करारासोबत देशांची यादीच जोडली. त्यात जे आहेत त्यांनी आधी करायचं.

हे आकाशातून पडलं नाही. 1991 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातून अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका काढली. त्याआधी अमेरिकेतल्या एका संस्थेने देशवार आकडे असे मांडले होते की भारत-चीन बड्या गुन्हेगारांत दिसत होते. या दोघांनी विचारलं, भातखाचरातला मिथेन आणि मोटारीचा धूर एकाच तराजूत का? जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन हा फरक तिथून वादात आला.

मग 1997 चा क्योतो करार. त्यात फक्त श्रीमंत देशांना बंधनकारक आकडे, 1990 च्या तुलनेत सरासरी 5 टक्के घट. तो व्हायच्या आधीच, त्याच वर्षी जुलैमध्ये, अमेरिकी सिनेटने ठराव केला की गरीब देशांवर बंधन नसेल तर आम्हाला करार नको. मतं 95 विरुद्ध 0. शून्य! तिकडे हवेच्या दिशेवरही इतकं एकमत होत नाही. पुढे कॅनडाही बाहेर पडला.

2015 चा पॅरिस करार आला तेव्हा यादी गेली. आता प्रत्येकाने आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं. तत्त्व राहिलं, पण त्याला शेपूट लागलं, "वेगवेगळ्या राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात". शेवटच्या दिवशीची गंमत सांगतो. मसुद्यात होतं, विकसित देश पुढाकार घेऊन पूर्ण अर्थव्यवस्थेची घट "करतील". अमेरिका अडून बसली, कारण "करतील" असेल तर सिनेटकडे जावं लागलं असतं. मग ती छपाईतली चूक होती असं सभागृहात वाचून दाखवलं, आणि "करतील"चं "करावी" झालं. एका क्रियापदावर पृथ्वी.

तुमच्या शीटबद्दल: त्याच 1992 च्या करारात कलम 3, पोटकलम 5 आहे. हवामानासाठी केलेले उपाय, एकतर्फी असले तरी, मनमानी भेदभाव किंवा व्यापारावरचा छुपा अडसर ठरू नयेत. भारत सीबॅमविरुद्ध बोलतो तो याच आधारावर.

स्टुटगार्टची मावशी

पाना, तुझं शीट भरणारी माणसं आमच्या शेजारच्या ऑफिसात बसतात, त्यांनाही ते कळत नाही एवढं सांगते.

पण दुसरी बाजू ऐक. युरोपातल्या कारखान्यांना 2005 पासून कार्बनची किंमत आहे. इथल्या भट्टीने भरायची आणि बाहेरून येणाऱ्याने नाही, तर इथली भट्टी बंद पडून तीच भट्टी दुसरीकडे लागणार. हवेला काय फरक? सीबॅम हा त्यांच्या दृष्टीने दंड नाही, बरोबरी आहे. आणि रक्कम एकदम पडत नाही. इथल्या कारखान्यांना कार्बन सोडायचे फुकट परवाने मिळतात, ते जसे कमी होतील तसा सीबॅम वाढेल. 2026 मध्ये फक्त अडीच टक्के भाग, 2030 मध्ये साधारण निम्मा, 2034 मध्ये पूर्ण. शिवाय वर्षाला 50 टनांपेक्षा कमी आणणाऱ्या आयातदाराला माफी आहे.

चौदाचा पाना

मावशी, आमची पार्टी 50 टन एका महिन्यात नेते, त्यामुळे माफी गेली. 2034 चा हिशोब मी कागदावर केला. टनाला अडीच टन कार्बन, कार्बनच्या टनाला 75 युरो धरले, तर 187 युरो. अठरा-एकोणीस हजार रुपये टनाला. आमचं टनामागचं मार्जिन इथे लिहिलं तर मालकांना हा आयडी कोणाचा ते कळेल.

आणि "फुकट परवाने"! म्हणजे 2005 पासून किंमत होती, पण पोलादवाल्यांना परवाने बरेचसे फुकट. वीस वर्षं शिकवणी मोफत, आणि आम्हाला पहिल्याच दिवशी परीक्षा फी.

स्टुटगार्टची मावशी

ते मात्र खरं आहे. परीक्षा फी नऊ हप्त्यांत आहे एवढंच. हलकं घ्या.

फाटक्या तोंडाचा

चाललंय काय? सगळे मिळून एकमेकांच्या पाठीवरून हात फिरवताय.

मला सांगा, भारताचं माणशी उत्सर्जन दोन टन, अमेरिकेचं चौदा, म्हणून आपण गरीब बिचारे. हे दोन टन कोणाचे? मेळघाटातल्या बाईचे दोन टन आहेत का? तिचं पाव टनही नसेल. बाकीचं आपण खातो, तुम्ही-मी, एसी लावून, वर्षातून दोनदा विमानाने जाऊन. मग दिल्लीवाले परदेशात जाऊन तिच्या नावाने सूट मागतात. तिला त्यातून काय मिळतं?

दुसरं, ती 1992 ची यादी. त्यात दक्षिण कोरिया नाही, सिंगापूर नाही, कतार नाही. कतार गरीब? चीन आज जगात सगळ्यात जास्त धूर सोडतो, माणशी हिशोबातही युरोपच्या पुढे गेला. तीस वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड घेऊन किती दिवस रांगेत उभं राहायचं?

आणि तिसरं. सीबॅममध्ये तरतूद आहे, मायदेशी कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा. मग लावा ना इथे. पैसे ब्रसेल्सला जाण्यापेक्षा इथे राहतील. लावला होता की आपण! 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर, 2016 पर्यंत 400 केला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. स्वच्छ ऊर्जा राहिली नावापुरती. दुसऱ्याचा हिशोब मागताना आपली वही उघडी ठेवावी.

चांदा ते बांदा

फातोंशी पहिल्यांदा सहमत होतोय, तारीख लिहून ठेवा.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे 2920 मेगावॉटचं वीज केंद्र आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. वीज जाते मुंबई-पुण्याला. राख राहते इथे. उन्हाळ्यात पारा 46-47 ला जातो तो वेगळा. तुम्ही लोक "सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी" म्हणता ना, ते वाचून हसू येतं. आमच्यासाठी तुम्ही पुणेकर म्हणजेच अमेरिका.

गवती चहा

पुणेकरांना अमेरिका म्हटलं, आता धागा शतक मारणार. खुर्ची घेऊन बसलो.

चौदाचा पाना

चांदाभाऊ, मान्य. आमच्या हेडिंग मशिनची वीज तुमच्याच धुरातून येते. आणि गंमत म्हणजे सीबॅममध्ये पोलादाला सध्या विजेचा कार्बन धरतच नाहीत, फक्त थेट भट्टीचा धरतात. म्हणजे तुमची राख त्या तेरा टॅबमध्येही कुठे नाही.

फातों, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर माझं उत्तर नाही. पण आपल्या घरात वाटणी चुकली म्हणून शेजाऱ्याने बांध सरकवलेला चालतो असं होत नाही. दोन्ही भांडणं भांडावी लागतात. 1850 पासूनची बेरीज केली तर अमेरिकेचा वाटा चोवीस-पंचवीस टक्के, युरोपीय संघाचा सतराच्या आसपास, भारताचा तीन-साडेतीन. आणि लोकसंख्येत आपण सहावा हिस्सा. हा आकडा मेळघाटातल्या बाईच्या आडून सांगायचा नाही, ठीक, पण तो आकडा खोटा होत नाही.

तांबडा पांढरा

पानासाहेब, आम्ही शिरोलीचं फौंड्रीवालं. आमचं कास्टिंग अजून त्या यादीत आलं न्हाई, त्यामुळं गप बसलोय. पण डिसेंबर 2025 मध्ये यादी वाढवायचा प्रस्ताव आलाय म्हणं, मोटारीचे भाग, यंत्रं आणि कायकाय. आज नटबोल्ट, उद्या आम्ही.

तुमच्या भंगाराचा मुद्दा मात्र लाखाचा हाय. आम्ही रोज भंगार वितळवतो. चांगलं भंगार मिळंना झालंय. आणि आता युरोपनं कायदा केलाय, मे 2027 पासनं त्यांच्या मंजूर यादीत नसलेल्या गरीब देशांना भंगारबी द्यायचं न्हाई. कारण काय, तर तुम्ही ते नीट हाताळत न्हाई, पर्यावरणाला धोका. म्हंजे ताजं लोखंड केलं तर कार्बन भरा, भंगार मागितलं तर देत न्हाई. मग करायचं काय, माती भाजायची?

चौदाचा पाना

अहो हे मला माहीत नव्हतं! भंगारावरही बंदी?

कलम तीनशेतीन

सरसकट बंदी नाही. मंजुरी हवी असेल तर त्या देशाने अर्ज करून आपल्याकडे कचरा नीट हाताळला जातो हे दाखवायचं. पण तांबडा पांढरांचा मुद्दा बरोबर आहे. दोन्ही नियम वेगवेगळ्या खात्यांचे, आणि दोन्ही हिरवे. एकत्र वाचले तरच पेच दिसतो. त्यातही मोझाम्बिकसारखा देश बघा. अतिगरीब देशांच्या यादीत आहे, युरोपला अॅल्युमिनियम विकत आलाय. त्यालाही सीबॅममधून सूट नाही. आणि जमा होणारा पैसा युरोपातच राहणार. अमुक हिस्सा गरीब देशांच्या भट्ट्या सुधारायला दिलाच पाहिजे असं बंधन त्या कायद्यात नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. कार्बनला किंमत लावायला नाही.

रोठा सुपारी

तुमचं सगळं टनात आणि युरोत चाललंय. मी श्रीवर्धनची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आजेसासऱ्यांनी लावलेली वाडी, सुपारी, नारळ, मधे जायफळ. दुपारपर्यंत आडवी. पंचनामा झाला, भरपाई मिळाली, तोडलेली झाडं वाडीबाहेर काढायलाही पुरली नाही. सुपारीला नवीन लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. रोठा सुपारी आमची, हल्ली बाजारात कुठली देतात देव जाणे.

ज्यांचा कार्बन, त्यांनी आमच्या वाडीचे पैसे द्यायचे असं काही त्या कायद्यात आहे का? कलमदादा, सरळ सांगा, लांबण नको.

कलम तीनशेतीन

ताई, सरळ उत्तर: नाही. थोडं लांबण लागेल, माफ करा.

पॅरिस करारात नुकसान आणि हानीवर स्वतंत्र कलम आहे, आठवं. पण सोबतच्या निर्णयात, परिच्छेद 51, एक ओळ घालून घेतली की या कलमातून कोणतंही दायित्व किंवा नुकसानभरपाई निघत नाही. बेटांच्या देशांनी तीस वर्षं मागितलं तेव्हा कुठे 2022 मध्ये शर्म अल शेखला नुकसान निधी मान्य झाला, 2023 मध्ये दुबईत सुरू झाला. पहिल्या फेरीत जगभरातून आश्वासनं आली सुमारे 70 कोटी डॉलरची. अमेरिकेचे त्यात 1 कोटी 75 लाख. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेला टॉवर त्यात होईल की नाही शंका आहे. आणि हा निधी देशांना मिळतो, स्वेच्छेने दिलेला. देणं म्हणून नाही.

पैशांची बाकी कथाही तशीच. 2009 मध्ये कोपनहेगनला कबूल केलं, 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर. श्रीमंत देशांच्या स्वतःच्या हिशोबाने ते पहिल्यांदा 2022 मध्ये पुरे झाले, आणि त्यातलं बरंचसं कर्ज. पूर आला, घर गेलं, घ्या कर्ज. 2024 ला बाकूमध्ये नवा आकडा ठरला, 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज. मागणी होती 1300 अब्जांची. अध्यक्षांनी हातोडा मारून मंजूर केल्यावर भारताच्या चांदनी रैना उठल्या आणि हा कागद दृष्टिभ्रमापलीकडे काही नाही असं सुनावलं. नोंद झाली. निर्णय तोच राहिला.

आता जरा आशेची गोष्ट. 2019 मध्ये पॅसिफिकमधल्या वानुआतूत कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गात ठरवलं की हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचं. सरकार पाठीशी उभं राहिलं, 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या न्यायालयाने एकमताने मत दिलं. हवामान करारांपुरतीच जबाबदारी संपत नाही. दुसऱ्याच्या भूमीला अपाय होऊ नये ही देशांची जुनी, रूढ कायद्यातली जबाबदारी इथेही लागू. ती मोडली तर थांबवणं, पूर्ववत करणं, भरपाई देणं हे सगळं येऊ शकतं. मात्र अमुक धुरामुळे अमुक नुकसान हा दुवा दाखवावा लागेल. तुमच्या वाडीच्या बाबतीत हीच अडचण, निसर्ग वादळात तापलेल्या समुद्राचा हात किती हे कोर्टात मांडणं.

फाटक्या तोंडाचा

आणि त्या सुनावणीत आपलं सरकार काय म्हणालं तेही सांगा की वकीलसाहेब.

कलम तीनशेतीन

सांगतो. भारताने जुन्या उत्सर्जनाची जबाबदारी ठासून मांडली. पण त्याचबरोबर न्यायालयाने करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या निर्माण करू नयेत असंही म्हटलं. अमेरिका आणि सौदी अरेबियाही, आपापल्या कारणांसाठी, करारांपुरतंच राहा याच सुरात होते. न्यायालयाने ते ऐकलं नाही. आणखी एक: विकसित आणि विकसनशील हा शिक्का कायमचा नसतो, असंही त्या मतात आहे. म्हणजे फातोंच्या रेशनकार्डाची दखल हेगने घेतली.

फाटक्या तोंडाचा

हेग माझं वाचतं. फ्रेम करून लावतो.

रोठा सुपारी

म्हणजे आपण एका खिशात फिर्याद आणि एका खिशात जामीन अर्ज घेऊन गेलो होतो. असो. दादा, कळलं. नवीन रोपं लावलीत, गेल्या वर्षी पहिला तुरा आला.

स्टुटगार्टची मावशी

सुपारीताई, पुढच्या वेळी आले की वाडी बघायला येते.

पाना, वायर रॉड बदलून बघ ना. विजेच्या भट्टीतला, भंगारातून केलेला घेतलास तर तुझा आकडा धाडकन खाली येईल.

चौदाचा पाना

मावशी, तेच करून बघितलं. म्हणून चार दिवस गायब होतो.

बोल्टच्या रॉडला स्वच्छ पोलाद लागतं. भंगारात मोटारीच्या वायरिंगचं तांबं येतं, ते भट्टीत निघत नाही. तांबं वाढलं की हेडिंगला डोक्यावर बारीक तडे. 10.9 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टला तडा म्हणजे पार्टी अख्खी लॉट परत पाठवते. तरी एका मिलने सांगितलं, देतो, तांबं मर्यादेत ठेवून. भाव किलोला नऊ रुपये जास्त. विचारलं, एवढा का? तर म्हणे निवडक भंगार आयात करावं लागतं. कुठून? रॉटरडॅमहून.

म्हणजे त्यांचं शून्य मी विकत घ्यायचं, बोटीने इथे आणायचं, वितळवायचं, डोकं पाडायचं, आणि परत त्यांना पाठवायचं. आणि 2027 नंतर ते मिळेल का, तांबडा पांढरांना विचारा.

तांबडा पांढरा

आम्हाला नगा इचारू, आम्हीच लायनीत हाय.

चांदा ते बांदा

बोटीचा धूर कोणत्या टॅबमध्ये आहे?

चौदाचा पाना

नाही, तो पण नाही.

सध्या असं ठरलंय: जुन्याच मिलकडून हीट नंबरवार, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा, खरा आकडा मागायचा. दोन मेल केले, उत्तर आलं की मागणारे तुम्ही चाळिसावे, थांबा. मालक म्हणतात डिफॉल्ट भरून टाक. मी शीटच्या शेवटी शेऱ्यांच्या रकान्यात 1992, कलम 3, पोटकलम 5 असं लिहून पाठवलंय. पार्टीकडून उलट मेल आला, हा आकडा कोणत्या युनिटमध्ये आहे.

तपासनीस कोणी घेतला असेल, पुणे-चाकण-जालना भागात, तर दर आणि अनुभव व्यक्तिगत निरोपाने कळवा. तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्हींत दुपटीचा फरक आहे.